अंधारात पाहणारी दुर्बीण

रात्रीच्या लढाईचा विषय निघाला की आपल्याला पहिल्याने आठवतो तो पुण्याचा लाल महाल. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, रमजानचा महिना, आणि शाएस्तेखानाची अफाट फौज पुण्याभोवती तळ देऊन पडलेली. शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी आत शिरले, खानाची बोटे तोडून बाहेर पडले. पुढे सात वर्षांनी, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढून गेले. या दोन्ही रात्रींची वर्णने आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यांतल्या एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्या रात्री मोगलांना जेवढे कमी दिसत होते, तेवढेच मावळ्यांनाही कमी दिसत होते. अंधार दोघांना सारखाच होता. मावळ्याला पायाखालची वाट ठाऊक होती आणि पलीकडच्याला ती ठाऊक नव्हती, एवढाच काय तो फरक. आणि तेवढ्या फरकावर मूठभर माणसे मोठ्या फौजेवर चाल करून जाऊ शकली.

जगात सगळीकडे हीच रीत होती. ज्याच्याजवळ तोफा, घोडे आणि पैसा कमी, तो रात्रीची वाट पाही.

विसाव्या शतकात ही बरोबरी मोडली. बंदुकीवर बसवलेली एक दुर्बीण निघाली आणि एका बाजूला रात्रीही दिसू लागले, दुसरी बाजू मात्र आंधळीच राहिली. ती दुर्बीण कशी तयार झाली, आणि काही वर्षांतच हौशी कारागिरांच्या टेबलावर कशी येऊन पडली, त्याची ही हकीकत आहे.

तिची सुरुवात लढाईत नाही. इंग्लंडात स्लाव गावी विल्यम हर्शेल नावाचा एक ज्योतिषी राहत असे. हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, पेशाने वाजंत्री. दुर्बिणींचे आरसे घरीच घासून तयार करण्याचा त्याला नाद होता. १७८१ साली त्याने युरेनस हा ग्रह शोधला. सूर्याकडे दुर्बीण लावायची तर पुढे रंगीत काच धरावी लागते. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की काही रंगांच्या काचेतून प्रकाश कमी येतो पण डोळ्याला ऊब जास्त लागते. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिला. जांभळ्यापासून तांबड्याकडे जावे तसा पारा वर चढत गेला. तांबडा संपल्यावर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे ठेवलेल्या तापमापकातला पारा सर्वांत वर गेला. तांबड्यापलीकडेही किरण आहेत, हे असे कळले. शाळेच्या पुस्तकात त्यांना अवरक्त किरण म्हणतात. बोलताना इन्फ्रारेड म्हटले तरी चालेल.

या किरणांची गंमत अशी की ते तांबड्याच्या अगदी शेजारचे असले तर प्रकाशासारखेच वागतात. भिंगातून जातात, वस्तूवर आपटून परततात. फक्त माणसाच्या डोळ्याला त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणजे असा एखादा दिवा केला की ज्याचा उजेड कोणालाच दिसणार नाही, आणि असा एखादा कृत्रिम डोळा केला की ज्याला तो दिसेल, तर काम झाले! दिवा करणे सोपे. साध्या विजेच्या दिव्यातून असे किरण भरपूर निघतात. पुढे काळीभोर दिसणारी विशिष्ट काच लावली की दृश्य उजेड अडतो आणि हे किरण तेवढे बाहेर येतात. अडचण होती ती डोळ्याची. हर्शेलनंतर त्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

काही पदार्थांवर प्रकाश पडला की त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात. हा परिणाम हर्ट्झला १८८७ साली आढळला, त्याचा उलगडा आइनस्टाइनने १९०५ साली केला. १९३० च्या सुमारास अमेरिकेत कोलर या शास्त्रज्ञाने चांदी, ऑक्सिजन आणि सिझियम यांचा असा एक थर बनवला की त्यातून इन्फ्रारेड किरणांनीही इलेक्ट्रॉन सुटावेत. मग हॉलंडमधल्या आइंडहोवेन येथे, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत, गिल्स होल्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या थराची एक नळी तयार केली व १९३४ साली ती जगापुढे मांडली.

ही नळी म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या काचेच्या दोन चकत्या, आणि मधली हवा काढून घेतलेली. एका चकतीवर आतून तो चांदी-सिझियमचा थर, दुसरीवर इलेक्ट्रॉन आपटले की चमकणारी पूड. दोहोंमध्ये काही हजार व्होल्टचा विजेचा दाब. भिंगातून पहिल्या चकतीवर अदृश्य किरणांचे चित्र पडते. जिथे किरण जास्त, तिथून इलेक्ट्रॉन जास्त. जिथे कमी, तिथून कमी. पाभरीच्या चाड्यातले बी ज्या नळीत पडले त्याच तासात उतरते ना, तसे हे इलेक्ट्रॉन ज्या जागेवरून सुटले तिच्या समोरच जाऊन आदळतात. म्हणून पलीकडच्या चकतीवर तेच चित्र हिरवट उजेडात उमटते. न दिसणाऱ्या चित्राचे दिसणारे चित्र झाले. पुढे अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या झ्वोरिकिन आणि मॉर्टन यांनी विजेच्या भिंगाने इलेक्ट्रॉन नेमके एकत्र आणण्याची युक्ती काढून हे चित्र पुष्कळ रेखीव केले. झ्वोरिकिन हा रशियातून आलेला. टेलिव्हिजनच्या आद्य संशोधकांत त्याची गणना होते.

एवढे तयार असताना दुसरे महायुद्ध आले, आणि पुढचे वेगळे सांगायला नको.

जर्मनांनी बंदुकीवर बसवलेल्या त्यांच्या यंत्राला 'व्हॅम्पिर' असे नाव दिले. आपल्याकडे त्याला वेताळ म्हटले असते. बंदुकीवर दुर्बीण, तिच्यावर दिवा. ही जोडी सव्वादोन किलोंची; पण तिला वीज पुरवणारा बॅटऱ्यांचा संच शिपायाने पाठीवर वाहायचा, त्याचे वजन साडेतेरा किलो. युद्धाच्या अगदी शेवटी अशी सुमारे तीनशे यंत्रे सैन्याला मिळाली. रणगाड्यांसाठी दुसरे, मोठे साहित्य होते. त्यांना दूरवर उजेड टाकण्यासाठी चिलखती गाडीवर बसवलेला इन्फ्रारेड झोतदिवा असे. त्या गाडीचे नाव 'उहू', म्हणजे घुबड. या साहित्याने प्रत्यक्षात किती लढाया झाल्या यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि सांगोवांगीच्या कथाच त्यात अधिक असाव्यात असे मला वाटते.

अमेरिकेचे यंत्र मात्र नक्कीच लढाईत उतरले. १९४५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत जपानच्या ओकिनावा बेटावर घनघोर युद्ध झाले. जपानी शिपाई रात्रीच्या हल्ल्यात तरबेज. अंधारात सरपटत शत्रूच्या खंदकापर्यंत येत. त्यांच्यासाठी कार्बाइन बंदुकीवर बसवलेली इन्फ्रारेड दुर्बीण तिथे धाडण्यात आली. तिचा पल्ला जेमतेम सत्तर यार्ड. दिवसाच्या लढाईत सत्तर यार्ड म्हणजे काहीच नव्हे. पण सरपटत येणाऱ्या माणसाचा सारा भरवसा आपण दिसत नाही यावरच असतो. त्याला सत्तर यार्डांवरून स्पष्ट पाहणारा कोणी समोर बसला असेल, तर त्याची विद्या, त्याचे धाडस, काहीच उपयोगाचे राहत नाही. आपल्याला कोण आणि कसे पाहते आहे, हे त्याला अखेरपर्यंत कळतही नाही. लाल महालाची बरोबरी मोडली ती इथे.

परंतु या दुर्बिणीत एक वैगुण्य होते, आणि ते मुळातलेच होते. तिला स्वतःचा दिवा लागे. तो दिवा उघड्या डोळ्याला दिसत नाही, हे खरे. पण दुसऱ्याजवळही तशीच दुर्बीण असेल तर? तर अंधारात कोणी कंदील हातात धरून उभे राहावे, तसा हा शिपाई त्याला लख्ख दिसेल. तेवढ्यासाठी पूर्ण दुर्बीणही लागत नाही. अमेरिकेनेच 'मेटास्कोप' नावाचे एक छोटे साधन काढले होते. त्यातल्या रासायनिक पडद्यावर इन्फ्रारेड किरण पडले की तो चमके, आणि दिवा कुठे आहे ते कळे. सारांश, समोरचा गरीब आणि आंधळा असेल तोवरच हे शस्त्र बिनधोक.

युद्ध संपले. सरकारी कोठारांत वाटेल तितके सामान पडून होते: रेडिओ, भिंगे, होकायंत्रे, आणि या नळ्याही. ब्रिटनमध्ये 'टॅबी' या टोपणनावाने ओळखले जाणारे साहित्य बनले होते. उघडे दिवे न लावता रात्री मोटारी हाकण्यासाठी ते होते, आणि त्यात होल्स्टच्या पद्धतीची चपटी, मुठीत मावेल अशी नळी असे. सीव्ही १४८ हा तिचा सरकारी क्रमांक. अमेरिकेत बंदुकीच्या दुर्बिणीतली आरसीएची नळी १पी२५ या नावाने ओळखली जाई. कालपर्यंत ज्यांच्याविषयी बोलणेही गुन्हा होता, त्या वस्तू मोडीच्या बाजारात येऊ लागल्या. लंडनच्या लिसल स्ट्रीटवर आणि न्यूयॉर्कच्या 'रेडिओ रो'मध्ये अशा लष्करी उरलेल्या मालाची दुकाने ओळीने होती. आपल्या जुन्या बाजाराची कल्पना करा, फक्त तिथे नळ-तोट्यांऐवजी रडारचे भाग मांडलेले!

तिथून एक वेगळाच इतिहास सुरू होतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. शाळेतले विज्ञानशिक्षक, रेडिओ दुरुस्त करणारे, फोटोग्राफर अशा माणसांनी ही नळी विकत घेऊन घरच्या घरी रात्रदर्शक दुर्बिणी जुळवल्या. डब्याच्या पत्र्याचे नळकांडे, जुन्या कॅमेऱ्याचे भिंग, मोटारीचा हेडलाइट, त्यावर काळी काच. हजारो व्होल्टची वीज हे त्यातले सर्वांत अवघड काम, आणि जिवावर बेतू शकणारेही. घरगुती कारागिराचे तिथेच सोडून द्यावे असे माझे मत आहे. पण ज्यांना जमले त्यांनी या दुर्बिणीतून काय पाहिले? कोणी रात्रिंचर प्राण्यांची बिळे राखून बसले. माणसाच्या दिव्याने बुजणारी जनावरे या दिव्यासमोर निवांत चरत. कोणी खोट्या दस्तऐवजांतल्या खाडाखोडी शोधल्या, कारण डोळ्याला सारख्या काळ्या दिसणाऱ्या दोन शाया इन्फ्रारेडमध्ये पुष्कळदा वेगळ्या दिसतात. कोणी जुन्या तैलचित्राच्या रंगाखाली चित्रकाराने आधी काढलेले रेखाटन पाहिले. माणूस मारण्यासाठी घडलेली नळी दहा-पंधरा वर्षांत अशा कामांना लागली.

अर्थात बंदुकीवर ती बसवणारेही निघाले. तेही याच इतिहासात येते.

हौशी माणसाच्या हाती दिव्याची दुर्बीण आली, तोवर सैन्ये पुढे निघून गेली होती. कोरियाच्या युद्धात, १९५० ते १९५३ या काळात, सुधारलेली इन्फ्रारेड दुर्बीण वापरली गेली. पण दिव्याचे ते जुने वैगुण्य सर्वांना सलत होते. दिवाच नको, चांदण्यांचा जो काही उजेड असतो तोच वाढवून का घेऊ नये? उघड्या माळावर चांदण्यांचा उजेड पौर्णिमेच्या उजेडाच्या साधारण शंभरावा हिस्सा असतो. तो पुरायचा तर दोन गोष्टी हव्या होत्या: अधिक तत्पर थर आणि एकामागे एक जोडलेल्या नळ्या. थर मिळाला १९५५ साली. आरसीएच्या सोमरने अनेक अल्कधातूंचे मिश्रण वापरून तो केला. नळ्या जोडणे अधिक कठीण होते, कारण एका नळीचे चित्र दुसरीवर नेताना ते विस्कटे आणि उजेड वाया जाई.

इथे आपल्या एका देशबांधवाचे नाव येते. नरिंदरसिंग कपानी, जन्म १९२६, पंजाबातल्या मोगा गावचा. लंडनला हॉपकिन्स या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करताना त्याने काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी करून तिच्या एका टोकाचे चित्र दुसऱ्या टोकाला पोहोचवून दाखवले. १९५४ साली हे काम प्रसिद्ध झाले. अशाच तंतूंच्या जुडीची आडवी काप घेऊन चकती केली, की ती दोन नळ्यांच्या मध्ये बसवता येते आणि चित्र जसेच्या तसे पलीकडे जाते. कपानीने हे दुर्बिणीसाठी केले नव्हते. पण तंतूंची चकती नसती तर तीन नळ्यांची माळ बंदुकीवर मावली नसती.

ती माळ घेऊन अमेरिकी शिपाई १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनाममध्ये उतरले. तिचे नाव 'स्टारलाइट स्कोप', म्हणजे चांदण्यांची दुर्बीण. वजन पावणेतीन किलोंच्या आसपास. दिवा नाही, पाठीवर बॅटऱ्यांचे ओझे नाही. समोर होते ते व्हिएतनामी गनिमी लढवय्ये, ज्यांचा सगळा व्यवहार रात्रीचा: वाहतूक रात्री, हल्ला रात्री, माघारही रात्री. त्यांच्यापासून रात्र हिरावून घ्यावी हाच या यंत्राचा हेतू होता. तो पुरता साधला नाही. दाट झाडीच्या छपराखाली चांदण्यांचा उजेडच पोहोचत नसे, आणि आकाशात दारूगोळ्याचा झगझगीत उजेड झाला की चित्र विरघळून जाई. युद्ध कोणी जिंकले हे आपल्याला ठाऊक आहे. तरीसुद्धा जिथे मोकळे शेत होते, तिथे रात्री बांधावरून जाणाऱ्या माणसाची पूर्वीची सुरक्षितता गेली. तो लढवय्या आहे की शेताला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, हे मात्र हिरव्या चित्रात ओळखू येत नसे.

दिव्याच्या यंत्राचा शेवटचा मोठा पराक्रम १९७३ चा. त्या ऑक्टोबरात गोलान टेकड्यांवर सीरियाचे सोव्हिएत बनावटीचे रणगाडे इन्फ्रारेड दिवे लावून रात्री चढून आले. इस्रायली रणगाड्यांजवळ रात्री नेम धरण्याचे तसे साधन नव्हते. शत्रूचे दिवे आपल्यावर पडले आहेत एवढे त्यांच्या काही अधिकाऱ्यांना साध्या शोधक-दुर्बिणीतून दिसे, आणि तेवढ्यावरच त्यांना भागवावे लागले. यापुढे मोठ्या सैन्यांनी दिवा टाकला. उजेडाऐवजी शरीराची आणि इंजिनाची उष्णताच पाहणारी साधने आली. तो निराळा विषय आहे.

आपल्या देशात या विद्येचे काम देहरादूनच्या संरक्षण-संशोधन संस्थेत चालते आणि दुर्बिणी भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मच्छलीपट्टणच्या कारखान्यात बनतात. पण दुर्बिणीचे काळीज जी नळी, ती पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत घडते. १९९० साली भारत इलेक्ट्रॉनिक्सने डेल्फ्टच्या एका डच कंपनीच्या साहाय्याने तिथे कारखाना काढला. होल्स्टचा देश तोच. आणि लाल महालाहून भोसरी काही कोसांवरच, हा निव्वळ योगायोग. पण इतिहासाच्या मास्तराला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता स्वस्त दुर्बिणीचे पुढे काय झाले? १९६१-६२ च्या सुमारास अमेरिकेत इन्फ्रारेड किरण देणारा, तांदळाएवढ्या स्फटिकाचा दिवा निघाला. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सिलिकॉनची चित्रग्राही चकती कल्पिली. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सिलिकॉनला तांबड्यापलीकडचे जवळचे किरण जात्याच दिसतात. ज्यासाठी होल्स्टला निर्वात नळी आणि हजारो व्होल्ट लागले, ते काम पेनाच्या टोपणाएवढा कॅमेरा सेलवर करू लागला. एकविसाव्या शतकात परदेशांतले हौशी लोक असा कॅमेरा, एक लहानसा पडदा आणि इन्फ्रारेड दिवे एकत्र करून बंदुकीवर बसवू लागले. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात रानडुकरांनी शेतांची नासाडी चालवली आहे. तिथे रात्री त्यांची शिकार करण्याला कायद्याने मुभा आहे आणि ही घरगुती साधने पुष्कळदा त्यासाठी जुळवली जातात. आपल्याकडे रानडुकराचा त्रास कमी आहे असे कोणताच शेतकरी म्हणणार नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला मारता येत नाही, आणि रात्रीची दुर्बीण चोरट्या शिकाऱ्याच्या हाती पडली तर ती डुकरावरच थांबेल याची हमी कोण देणार?

घरगुती दुर्बिणीला आजही दिवा लागतो. चांदण्यांवर चालणारी महाग नळी सैन्याजवळ, आणि दिव्याची स्वस्त दुर्बीण बाकीच्यांजवळ, ही युद्धानंतर पडलेली वाटणी अजून बरीचशी तशीच आहे. शिकारीला त्याने अडत नाही, कारण डुकराजवळ मेटास्कोप नसतो. माणसामाणसांत गाठ पडली, तर मात्र ओकिनावाच्या शिपायाचा तोच धोका या दिव्यालाही आहे. हल्ली साधा मोबाइल फोनदेखील असा दिवा पकडू शकतो.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. टेलिव्हिजनचा रिमोट घ्या, त्याच्या टोकाचा बारीक दिवा मुलांकडे करून बटण दाबा. मुलांना काही दिसणार नाही. मग तोच दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा. काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यावर हे किरण अडवणारी काच असते, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे. खोलीत थोडा अंधार केलेला बरा. पडद्यावर एक फिकट जांभळा ठिपका उघडझाप करताना दिसेल.